एका बाभळीचा डिंक

'शाई फुटणे' हा शब्दप्रयोग आजच्या मुलांच्या कानांवर फारसा पडत नसेल. आमच्या लहानपणी मात्र ते रोजचे दुःख होते. वहीचा कागद हलका, खरबरीत आणि जन्माचा तहानलेला. त्यावर बोरू टेकवावा, तोच अक्षराच्या चारी बाजूंना निळे तंतू फुटत आणि सरळ उभ्या काढलेल्या काण्याचा केसाळ सुरवंट होई. दोष कागदाचा होता, तसा आमचाही होता. शाईच्या एका पुडीत दोन पुड्यांचे पाणी घालण्याची आमची काटकसर त्या शाईला पाण्यापेक्षा फार निराळी राहू देत नसे.

ही गोष्ट १९७२ सालच्या आरंभीची. मी तेव्हा सहावीत होतो. आमचे गाव त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातले, कोरडवाहू. विहिरींना पाणी बेताचे, बांधांवर बाभळी मात्र मुबलक. एप्रिल महिन्यात शाळेत सुलेखनाची स्पर्धा व्हायची होती आणि तपासणीसाठी येणारे साहेब तिचे परीक्षक असणार होते. माझी फुटलेली अक्षरे पाहून एक दिवस गुरुजी म्हणाले, "अरे, शाईला थोडे दाट कर. डिंक पाण्यात भिजव आणि त्या पाण्याचे चार थेंब दौतीत टाक. पूर्वी पोथ्या लिहिणारे काजळाची शाई करीत. काजळ काही पाण्यात विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. त्याला तरंगत ठेवायचा तो डिंकच."

घरी येऊन मी आजीच्या डब्यातून डिंकाचे दोन खडे मागून घेतले, वाटीत भिजवले आणि दुसऱ्या दिवशी दौतीत बरोबर चार थेंब टाकले. काय आश्चर्य! अक्षर जेथे ठेवावे तेथेच राहू लागले. वाळल्यावर त्याला चकाकीही आली. वर्गात माझी दौत हातोहात फिरली. दोन दिवसांत मी डिंकाच्या खड्याला दोन गोट्या असा भाव ठरवून टाकला, आणि आजीचा डबा या व्यापाराला पुरेना.

आमच्या गावात एक म्हातारी राहत असे. सारे गाव तिला मावशी म्हणे. तिच्या तुकड्याएवढ्या शेताच्या बांधावर एकच बाभूळ होती, पण ती चांगली जुनी, हातांच्या कवेत न मावणारी. मावशीच्या दोन शेळ्या त्या बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर जगत. उन्हाळ्यात बुंध्यावर डिंकाचे तांबूस मणी येत, ते मावशी वेचून ठेवी आणि हिवाळ्यात बाजारी नेई. आमच्या आजीचा डिंकही दरवर्षी तिच्याकडूनच येई.

त्या बुंध्यावर मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. साल जेथे खरचटली असेल तेथेच डिंक येतो, एरवी येत नाही. झाडाला जखम झाली की ते आतून रस पाझरून ती बुजवू पाहते. तो रस हवेत वाळतो आणि त्याचाच डिंक होतो. हे ज्ञान माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या हाती पडायला नको होते. एका खरचटीतून सुपारीएवढा गोळा मिळतो, तर सबंध बुंध्याभोवती खाच घेतली तर किती मिळेल, असे त्रैराशिक मी मनाशी मांडले. एका भर दुपारी घरचा कोयता घेऊन गेलो आणि जमिनीपासून हातभर उंचीवर चारी बाजूंनी वीतभर रुंदीची साल काढून टाकली. आतले लाकूड पांढुरके दिसू लागले. मला त्यात काही वाईट वाटले नाही. माझ्या डोळ्यांपुढे गोट्यांची थैली होती.

पंधरा-वीस दिवसांत खाचेच्या काठावर डिंक येऊ लागला. पहिल्याने मधाच्या थेंबांसारखा, मग वाळून तडकलेल्या काचेसारखा. मी चहाच्या पत्तीचा एक रिकामा डबा जवळजवळ भरला.

स्पर्धेच्या आदल्या रात्री मला वाटले, चार थेंबांनी अक्षर इतके सुधारते, तर आणखी घातले म्हणजे छापल्यासारखे उमटेल. पण गंमत अशी की बाभळीचा डिंक घालत गेले तरी शाई लवकर दाट दिसत नाही. म्हणून मी घालत गेलो, आणि मग एकाएकी तिचा पाक झाला. तरी त्या पाकाने मी चार पाने लिहिली, आणि सुरेख लिहिली. गुरुजींनी वह्या गोळा केल्या, एकावर एक रचल्या आणि दुपारच्या सुटीभर त्यांवर लाकडी पट्टी ठेवली. साहेबांनी माझी वही उघडायला घेतली, तेव्हा पाने उघडेनात. त्यांनी जरा जोर केला. चर्र असा आवाज झाला आणि एका पानावरील अर्धी कविता दुसऱ्या पानावर गेली. साहेबांना हसू आवरले नाही, आणि त्यांच्या मागोमाग सारा वर्ग हसला.

माझ्या शाईला असे का झाले, हे मला फार पुढे कळले. ते येथेच सांगतो. डिंक म्हणजे साखरेच्या कणांच्या फार मोठ्या साखळ्या. ही साखर गोड लागत नाही, पण जातकुळी तीच. मोकळ्या मैदानावरून तुम्ही सुसाट धावू शकता, परंतु तेथे मुलांच्या लांबच लांब रांगा हातांत हात धरून उभ्या असतील तर तुमची चाल मंदावते. पाण्याचेही असेच होते. डिंकाच्या साखळ्या पाण्याला अडवतात आणि पाणी दाट होते. मात्र साऱ्या साखळ्या सारख्या नसतात. बाभळीच्या डिंकाची साखळी फांद्याफांद्यांची, गुंडाळलेल्या दोऱ्याच्या गुंडीसारखी असते. ती थोडी जागा अडवते, म्हणून पुष्कळ विरघळली तरी पाणी वाहते राहते. उलट गवारीच्या बियांतून निघणारा डिंक घ्या. त्याची साखळी सुटलेल्या दोऱ्यासारखी लांब. शंभर भाग पाण्यात एक भाग टाकला तरी पाण्याचे दाट पिठले होते.

ही गवार म्हणजे आपण भाजी करतो तीच शेंग. राजस्थानच्या कोरड्या मुलखात तिची मोठी लागवड बियांसाठी होते, आणि जगात सर्वांत अधिक गवार भारतातच पिकते. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून हे पीठ चिमूटभर घालतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, अमेरिकेत खोल खडकांतून तेल आणि वायू काढण्यासाठी पाण्याचा प्रचंड दाब देऊन खडकाला चिरा पाडतात. त्या चिरांत वाळू भरावी लागते, नाही तर त्या पुन्हा मिटतात. निव्वळ पाण्यात वाळू तळाशी बसते, गवारीच्या डिंकाने दाट केलेल्या पाण्यात ती तरंगत जाते. माझ्या गुरुजींचे काजळ आणि ही वाळू यांत तत्त्वतः फरक नाही. २०१२ च्या सुमारास या मागणीमुळे गवारीचे भाव असे चढले की राजस्थानातला शेतकरी चकित झाला. भाव पुढे उतरलेही.

बाभळीच्या डिंकाची एक जवळची बहीण सुदानात आहे. तेथील हशाब नावाच्या काटेरी झाडाचा डिंक जगभर जातो. तो पाणी फारसे दाट करीत नाही, पण तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखरून धरतो. रंगीत, फसफसणाऱ्या पेयांतला वासाचा तेलकट अंश वर तवंगासारखा जमत नाही, तो यामुळे.

मराठीचा शिक्षक या नात्याने येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या शेतकऱ्याने या चिकट वस्तूंना किती नेमके शब्द ठेवले आहेत पाहा. बुंध्यातून येऊन वाळतो तो डिंक. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो. रुई मोडल्यावर दुधासारखा वाहतो तो चीक. पाण्याला मुळीच दाद देत नाही आणि विस्तवावर टाकताच धुराचे लोट उठवते ती राळ. आणि शिजवून करावी लागते ती खळ. आमच्या गावच्या बाजारात विकायला येणाऱ्या घोंगड्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असे. नवी घोंगडी पाठीला पत्र्यासारखी लागे, पण पावसाची सर अंगावरून ओघळून जाई. चारही वस्तू बोटाला चिकटतात, पण कोणी शेतकरी एकीला दुसरीचे नाव देणार नाही.

असो. त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटले तरी चालेल. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. गावातली धडधाकट माणसे खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. गुरे कवडीमोलाने विकली गेली. आम्हा मुलांचे गोट्यांचे डावही कसे कोण जाणे आपोआप थांबले. माझा डिंकाचा डबा माळ्यावर पडून राहिला, आणि मीही त्याला विसरलो.

दिवाळीच्या सुमारास माझ्या काकूला मुलगा झाला. घरात धान्याची चणचण होती, तरी बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेतच, असा आजीचा आग्रह. खोबरे नेहमीच्या निम्मे, खारका मोजून आठ, तूप पळीभर, असे तिने कसेबसे जमवले आणि डिंकासाठी ती मावशीकडे गेली. परत आली ती रिकाम्या हातांनी.

"यंदा डिंक नाही," आजी म्हणाली. "मावशीची बाभूळ वाळली. एक शेळीही विकली म्हणे तिनं. पाला आणायचा कुठून?"

माझे काका म्हणाले, "दुष्काळच असा आहे. झाडंसुद्धा जळाली."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी एकटाच बांधावर गेलो. मावशीची बाभूळ काळी ठिक्कर उभी होती. एक पान नव्हते. आणि मग मी आजूबाजूला पाहिले. शेजारच्या बांधावरच्या बाभळी हिरव्या होत्या. त्यांच्या पलीकडच्याही हिरव्या होत्या. बाभूळ अशा दुष्काळाला सहसा हार जात नाही, तिची मुळे फार खोल जातात. साऱ्या शिवारात वाळलेली बाभूळ एकच होती, आणि तिच्या बुंध्यावर हातभर उंचीवर माझ्या कोयत्याची कडी होती.

त्या संध्याकाळी माळ्यावरून डबा काढून मी आजीपुढे ठेवला. तिने झाकण उघडले, डिंक पाहिला, आणि विचारले, "कुठला रे हा?" मला खोटे सुचत होते. बाजारातून आणला, मित्राने दिला, असे कितीतरी. पण आजीने डबा मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी सगळे सांगून टाकले. ती रागावली नाही, यामुळे मला अधिक भीती वाटली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल."

मावशी दारातच बसली होती. उरलेली शेळी तिच्या पायाशी होती. आजीने मला पुढे ढकलले. मी जमिनीकडे पाहत दोन वाक्ये बोललो असेन. मावशीने डबा घेतला, हाताने वजन पाहिले, एक खडा उजेडात धरला. "डिंक चांगला आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "अरे, कोयता एका अंगाला लावावा. तोही वरवर. सगळीकडून घेतलंस, तर झाडानं जेवायचं कुठून?"

निम्मा डिंक तिने परातीत ओतून घेतला आणि निम्मा डब्यात ठेवून डबा आजीला दिला. "बाळंतिणीला लागेल," ती म्हणाली. दोघी म्हाताऱ्या मग दुष्काळाविषयी बोलू लागल्या. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मावशीचे ते बोलणे अक्षरशः खरे होते, हे मला पुढे पुस्तकातून कळले. पाने जे अन्न तयार करतात, ते सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. पाणी वर चढते ते लाकडातून. मी चारी बाजूंनी साल काढली तेव्हा पाण्याची वाट शाबूत राहिली, म्हणून झाड काही महिने हिरवे दिसले. अन्नाची वाट मात्र तुटली होती. मुळे उपाशी राहिली आणि मग ती पाणीही ओढू शकली नाहीत.

आजीने लाडू केले. तापल्या तुपात डिंकाचा खडा टाकला की तो आतल्या दमटपणाच्या वाफेने टरारून फुगतो आणि त्याची पांढरी लाही होते. एरवी त्या लाह्या उचलण्यासाठी मी चुलीपाशी घुटमळत असे. त्या दिवशी आजीने आपण होऊन एक लाही हातावर ठेवली. मी ती खाल्ली, पण गिळताना जड गेली. तेव्हापासून पावसाळा लागेपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या बांधावरच्या बाभळीच्या फांद्या छाटून मावशीच्या शेळीसाठी नेण्याचे काम माझ्याकडे होते. हाताला काटे पुष्कळ लागले.

१९७३ साली पाऊस बरा झाला. मावशीच्या शेळीच्या गोठ्यामागे लेंड्यांच्या ढिगाऱ्यात बाभळीची दोन-तीन रोपे उगवली. बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. शेळीच्या पोटातून आल्यावर ते लवकर रुजते. त्यांतले एक रोप आम्ही काट्यांचे कुंपण घालून राखले.

पुढे शिकून मी शिक्षक झालो आणि १९८६ साली माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत झाली. तेथे मी कांडोळाचे झाड पहिल्यांदा पाहिले. उघड्या खडकाळ उतारावर, उन्हाळ्यात एकही पान नसलेले, गुळगुळीत पांढऱ्या सालीचे हे झाड चांदण्यात पाहिले तर अंगावर काटा येतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील कांडोळाचा डिंक काढीत. त्यांच्याबरोबर मी एक सकाळ हिंडलो. त्यांनी लहानशा कुऱ्हाडीने एका बाजूला उथळ खाच घेतली, पंजाएवढीही नव्हे. मग झाडाला हात लावून ते पुढे गेले. मी विचारले, "आणखी एक का घेत नाही?" ते म्हणाले, "गुरुजी, पुढल्या वर्षीही यायचं आहे ना!" भाव चढला की खोल घाव घालणारे लोकही डोंगरात येत. त्यांनी पोखरलेली वाळकी झाडे त्यांनी मला त्याच वाटेवर दाखवली. एका वाळक्या झाडाच्या बुंध्याची खाच मी बोटाने मोजली. ती माझ्या खाचेहून लहान होती.

कांडोळाच्या डिंकाची तऱ्हा अगदी निराळी. त्याला किंचित आंबूस वास येतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही, फुगतो. रात्री पेल्यात हरभऱ्याएवढा खडा टाकावा, सकाळी तो पेल्यातले बरेच पाणी पिऊन थरथरणाऱ्या गोळ्यासारखा बसलेला असतो. पोट साफ करण्याच्या औषधांत त्याचा उपयोग होतो, तो या गुणामुळेच. म्हाताऱ्यांची कवळी हिरडीला धरून राहावी म्हणून लावायच्या काही चूर्णांतही तो असतो. या दुसऱ्या उपयोगाकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नव्हते. आता देतो.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना मावशीसाठी मी कांडोळाचा पावशेर डिंक नेला. ती फार थकली होती. नजर अधू झाली होती. तिने एक खडा हातात फिरवला, हुंगला, आणि माझ्या सांगण्यावरून रात्री वाटीत भिजत घातला. सकाळी मी गेलो तेव्हा ती वाटी पुढे घेऊन बसली होती. फुगलेला डिंक काठावरून बाहेर येऊ पाहत होता.

"हा लाडवात चालायचा नाही रे," मावशी म्हणाली. "सगळं घर भरून टाकील."

मग ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि कागदाच्या पुडीत थोडा डिंक बांधून घेऊन आली. गोठ्यामागच्या बाभळीचा, तांबूस, काचेसारखा. "हा ने," ती म्हणाली. "तिच्या एकाच अंगाचा आहे."